जुनी गाडी, वाढीव वॉरंटी : सही करण्याआधी एक रात्र थांबा

गाडी पसंत पडली होती. पाच वर्षं वापरलेली, पेट्रोलवर चालणारी, साध्या गिअरची छोटी गाडी. घासाघीस करून किंमत ४,२०,००० रुपयांवर आली होती. पुण्यातल्या शोरूममध्ये बँकेत नोकरी करणारे गृहस्थ, त्यांची पत्नी आणि ‘लाल रंगाचीच हवी’ असा हट्ट धरलेला धाकटा मुलगा असे तिघं बसले होते. सहीसाठी पेन उघडलं, इतक्यात सेल्समननं टेबलावरून आणखी एक कागद पुढे सरकवला.

“सर, दोन वर्षांची वाढीव वॉरंटी घेऊन टाका. फक्त १६,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. मग दोन वर्षं काळजीच नको. पण ही ऑफर आजच्यापुरतीच हं!”

गृहस्थांनी मान डोलावली. दुसऱ्यानं वापरलेली गाडी. उद्या इंजिन बसलं तर काय, ही भीती त्यांच्याही मनात होतीच. पण पत्नीनं कागद हातात घेतला. गाडीच्या पैशांत तिच्या भिशीचे ६०,००० रुपये होते. तिनं विचारलं, “गाडी बिघडली तर यातलं काय काय फुकट दुरुस्त होणार?”

“सगळं, मॅडम.”

“मग ‘सगळं’ असं लिहून द्या की.”

सेल्समन नुसता हसला. वाढीव वॉरंटीची सारी गोम त्या हसण्यात आहे. सेल्समन तोंडानं काय सांगतो याला किंमत नाही; कागदावर काय छापलंय त्यालाच आहे.

वॉरंटी म्हणजे विमा नव्हे

अनेक घरांत या दोन गोष्टींची गल्लत होते. गाडी ठोकली, चोरीला गेली, पुरात सापडली, तर उपयोगी पडतो तो सर्वसमावेशक विमा. कशालाही न धडकता, नीट चालवत असताना गाडीचा एखादा भाग आतूनच बिघडला, तर कामी येते ती वॉरंटी. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात गाडी घातली आणि इंजिनात पाणी शिरलं, तर वॉरंटी हात वर करते. साधा विमाही बहुतेक वेळा इंजिनाचं नुकसान देत नाही; त्यासाठी विम्यात इंजिन संरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते.

जुनी गाडी घेणाऱ्यानं आधी विमा आपल्या नावावर करून घ्यावा. मालकी बदलल्यापासून १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करावा, असं मोटार वाहन कायदा सांगतो. वॉरंटीच्या गडबडीत हे राहून गेलं, तर घराला कुलूप लावलं आणि खिडकी उघडी ठेवली, अशी गत व्हायची.

वॉरंटी नेमकी कुणाची?

जुन्या गाडीबरोबर मिळणारी वॉरंटी तीन प्रकारची असते.

पहिली, गाडी बनवणाऱ्या कंपनीची शिल्लक वॉरंटी. ही मोजली जाते ती गाडी पहिल्यांदा विकली गेली त्या दिवसापासून. दुसऱ्या मालकानं घेतली त्या दिवसापासून नव्हे. उदाहरणार्थ, मारुतीनं जुलै २०२४ मध्ये नव्या गाड्यांवरची मूळ वॉरंटी दोन वर्षं किंवा ४०,००० किलोमीटरवरून तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर केली. वर्षं आणि किलोमीटर यांतलं जे आधी संपेल, तिथे वॉरंटी संपली. पहिल्या मालकानं कंपनीची वाढीव वॉरंटी घेतली असेल, तर ती बहुधा गाडीबरोबर नव्या मालकाकडे येते. गाडीचा नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चौकशी केली, की वॉरंटी किती उरली आहे ते कळतं. जी वॉरंटी मुळातच शिल्लक आहे, तिच्यासाठी पुन्हा पैसे कशाला मोजायचे?

दुसरी, कंपनीच्याच जुन्या गाड्यांच्या दुकानांतून, तपासून प्रमाणित केलेल्या गाडीबरोबर मिळणारी. मारुतीनं २००१ मध्ये ‘ट्रू व्हॅल्यू’ सुरू केलं आणि पुढे इतर कंपन्याही या धंद्यात उतरल्या. इथली वॉरंटी अनेकदा किमतीतच धरलेली असते. मात्र दुकानात उभी असलेली प्रत्येक गाडी प्रमाणित असतेच असं नाही, हे लक्षात ठेवावं.

तिसरी, डीलरनं विकलेली पण वेगळ्याच एखाद्या कंपनीनं चालवलेली योजना. गृहस्थांच्या पुढ्यात आलेला कागद हाच. इथे विचारायचं ते असं, की क्लेमचे पैसे देणार कोण? डीलर, की कागदाच्या तळाशी छापलेली तिसरीच कंपनी? उद्या डीलरनं दुकान गुंडाळलं, तर कागदाला विचारणार कोण? जुन्या गाड्यांच्या डीलरना आरटीओचं प्राधिकारपत्र घ्यावं लागेल, असा नियम एप्रिल २०२३ पासून लागू झाला. ते पत्र दाखवायला सांगावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बारीक अक्षरांत दडलंय काय?

कागद दोन पद्धतींनी लिहिलेले असतात. एकात ‘खालील भाग सोडून सर्व’ असं असतं. दुसऱ्यात ‘फक्त खालील भाग’. पहिला केव्हाही बरा. दुसऱ्यात इंजिन आणि गिअरबॉक्स एवढंच असेल, तर एसीचा कंप्रेसर, स्टिअरिंग, काच वरखाली करणारी मोटर, इंजिनाचा कॉम्प्युटर हे सगळं मालकाच्या खिशातून.

वापरानं झिजणाऱ्या वस्तू जवळजवळ कुठलीच वॉरंटी देत नाही. टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, बल्ब, फिल्टर, ऑइल आणि बहुतेक रबरी भाग या यादीत येतात. गंमत अशी, की साध्या छोट्या गाडीत वरचेवर खर्च होतो तो याच वस्तूंवर. उंदरांनी कुरतडलेली वायरही ‘बाहेरचं कारण’ म्हणून वगळली जाते. बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल, तर इंजिनाचा क्लेमच नाकारला जाण्याची शक्यता असते.

याशिवाय चार अटी बोट ठेवून वाचाव्यात. पहिली, ‘आधीपासून असलेला दोष’. गाडी घेतेवेळीच बिघाड होता, असं म्हणून क्लेम फेटाळता येतो. म्हणून डीलरच्या तपासणीचा लेखी अहवाल घेऊन ठेवावा. दुसरी, सर्व्हिसिंगची. ठरल्या वेळी, ठरल्या ठिकाणी सर्व्हिसिंग केलं नाही, बिलं जपली नाहीत, तर वॉरंटी बाद. तिसरी, आधी मंजुरी. ओळखीच्या मेकॅनिकनं इंजिन उघडलं आणि मग फोन केला, तर उपयोग नाही. चौथी, रकमेची मर्यादा. प्रत्येक क्लेममागे ग्राहकानं किती भरायचे आणि वर्षाला योजना जास्तीत जास्त किती देणार, हे आकडे सापडेपर्यंत कागद खाली ठेवू नये.

आता हिशेब

१६,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी मिळून झाले १८,८८० रुपये. दोन वर्षांवर पसरले तर महिन्याला सुमारे ७८७ रुपये. ऐकायला फार नाही. पण समजा, प्रत्येक क्लेममागे ग्राहकाचा वाटा २,००० रुपये आणि वर्षाची कमाल मर्यादा ४०,००० रुपये आहे. दोन वर्षांत २०,००० रुपयांची एक दुरुस्ती निघाली, तर योजना देणार १८,०००. म्हणजे एवढा मोठा बिघाड होऊनही मालक ८८० रुपयांनी तोट्यातच. गिअरबॉक्सचं ७०,००० रुपयांचं बिल आलं, तर मात्र ४०,००० मिळतील आणि वॉरंटीचे पैसे वजा जाता २१,१२० रुपये वाचतील. उरलेले ३०,००० तरीही खिशातूनच जातील.

दुसरा सापळा कर्जाचा. “आता काही भरू नका, हप्त्यात टाकू,” असं गोड बोललं जातं. १८,८८० रुपये १४ टक्के व्याजानं पाच वर्षांच्या कर्जात घातले, तर महिन्याला सुमारे ४३९ रुपये, म्हणजे एकूण सुमारे २६,३५० रुपये जातात. वॉरंटी दोन वर्षांत संपते आणि तिचे हप्ते पुढे तीन वर्षं चालू राहतात! वॉरंटी घ्यायचीच असेल तर ती रोख पैसे देऊन घ्यावी.

कुणी घ्यावी, कुणी घेऊ नये

वाढीव वॉरंटी म्हणजे फसवणूक, असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. टर्बो असलेली डिझेल गाडी, ऑटोमॅटिक गिअरची गाडी, भरपूर इलेक्ट्रॉनिक सोयींची मोठी गाडी अशांचा एकच भाग बिघडला, तरी घरखर्चाचं गणित कोलमडू शकतं. अशी गाडी घेतली, हाताशी शिल्लक नाही आणि कागदात नेमके तेच महाग भाग नावानिशी आहेत, तर वॉरंटीचे पैसे वाया गेले असं समजू नये, बिघाड झाला नाही तरीही. विद्युत गाडी असेल, तर बॅटरीवरची कंपनीची मूळ वॉरंटी आधी पाहावी. अनेक गाड्यांवर ती ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत असते. पण ती दुसऱ्या मालकाला पूर्ण लागू होते की कमी होते, हे लेखी विचारून घ्यावं.

उलट साधी पेट्रोल गाडी, साधे गिअर, कमी धावलेली, सर्व्हिसिंगची पूर्ण नोंद असलेली आणि सुटे भाग गल्लोगल्ली मिळणारी असेल, तर तेच पैसे बँकेत वेगळे ठेवणं बहुधा फायद्याचं. त्या पैशांतून क्लच प्लेटही बदलता येते आणि टायरही. गाडी बिघडलीच नाही, तर पैसे आपलेच.

आधी तपासणी, मग वॉरंटी

वॉरंटीचा विचार करण्याआधी फार तर हजार-दोन हजार रुपये खर्चून स्वतःच्या ओळखीच्या, डीलरशी संबंध नसलेल्या मेकॅनिकला गाडी दाखवावी. थंड इंजिन सुरू करून धुराचा रंग पाहावा. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधल्या जुन्या नोंदींशी मीटरचे किलोमीटर ताडून पाहावेत. मीटर मागे फिरवलेलं असेल तर इथे उघडं पडतं. आरसीवरचे इंजिन आणि चासीचे नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळवावेत.

मुंबईत २६ जुलै २००५ ला आणि चेन्नईत डिसेंबर २०१५ मध्ये असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. अशा बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून दूरच्या शहरांत विकायला येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर मातीची रेघ आहे का पाहावं. स्टेपनीच्या खाली गाळ, सीटच्या पट्ट्यांना गंज, गालिच्याखाली कुबट वास असेल, तर स्वस्तातला मोह आवरून घरी परतावं. अशा गाडीला कुठलीही वॉरंटी वाचवू शकत नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

दाद कुठे मागायची?

कागदात भाग असूनही क्लेम नाकारला, तर नकार लेखी मागावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे भागलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करू शकतो. गाडी पुण्यात घेतली आणि बदली होऊन इंदूर किंवा बडोद्याला गेलं, तरी पुण्याच्या खेपा घालायला नकोत. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मात्र वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करायला हवी. बिल, वॉरंटीचा कागद, तपासणीचा अहवाल आणि सर्व्हिसिंगच्या पावत्या एका फाइलमध्ये ठेवल्या, तर अर्धी लढाई तिथेच जिंकली.

शोरूममधल्या त्या पत्नीनं वॉरंटीच्या अटींचा कागद मागून घेतला आणि ती म्हणाली, “घरी वाचून उद्या सांगतो.” रात्री जेवणं आटोपल्यावर दोघांनी चष्मे लावून तो वाचला. योजनेत फक्त इंजिन आणि गिअरबॉक्स होतं. दुरुस्ती पुण्यातल्या दोन ठरावीक गॅरेजांतच होणार होती आणि गृहस्थांची बदली तर वर्षभरात इंदूरला व्हायची होती.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला बरोबर नेलं. गाडी चांगली निघाली. पुढचे दोन टायर तेवढे बदलायला झाले होते. वॉरंटीला नकार देताच सेल्समन म्हणाला, “मॅडम, तुमच्यासाठी ३,००० कमी करतो.” आजच्यापुरती असलेली ऑफर दुसऱ्या दिवशीही चालू होती आणि वर स्वस्तही झाली होती!

त्यांनी गाडी घेतली, वॉरंटी घेतली नाही. १८,८८० रुपये पत्नीच्या नावावर बँकेत वेगळे ठेवले गेले. गाडीसाठीच, पण बिघाड झाला तरच काढायचे, या बोलीवर.