वक्फचे उत्पन्न कोणासाठी?

एप्रिल २०२५ मध्ये संसदेने वक्फ सुधारणा कायदा संमत केला, तेव्हा सरकार पक्षाने गरीब मुसलमान व मुस्लिम स्त्रिया यांच्या कल्याणाचा मोठा घोष केला. विरोधकांनी धर्मस्वातंत्र्यावरील आक्रमण म्हणून कायद्याचा धिक्कार केला, आणि तो अनाठायी नव्हता. परंतु या गदारोळात मूळ प्रश्न मागेच पडला. वक्फचे उत्पन्न ज्यांच्यासाठी राखले गेले, त्यांच्यापर्यंत ते पोचत का नाही?

हुगळीचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. हाजी मुहम्मद मोहसीन यांनी १८०६ साली आपली जमीनदारी वक्फ केली. उत्पन्नाचे नऊ हिस्से ठरले: तीन धर्मकार्यांना, चार वेतने व निर्वाहवृत्तींना, दोन व्यवस्था पाहणाऱ्या मुतवल्लींना. (ज्यांच्या खंडातून हे नऊ हिस्से निघत, त्या कुळांचा मात्र दहावा हिस्सा कोणाला सुचला नाही.) १८१२ मध्ये मोहसीन वारले. मुतवल्लींनी असा गैरकारभार केला की कंपनी सरकारला हस्तक्षेपाचे निमित्त आयतेच मिळाले. सरकार स्वतःच विश्वस्त होऊन बसले आणि साचलेल्या पैशातून १८३६ साली हुगळी कॉलेज उघडले. कॉलेज चांगले होते. बंकिमचंद्र तेथे शिकले. पण तेथे मुसलमान विद्यार्थी फारच थोडे. हा पैसा मुसलमानांच्या शिक्षणाकडे वळण्यास १८७० नंतरचे दशक उजाडावे लागले.

आधी मुतवल्ली, मग सरकार! स्वातंत्र्यानंतर हे दुष्टचक्र थांबले काय? सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार देशात सुमारे ४.९ लाख नोंदलेल्या वक्फ मिळकती, ६ लाख एकर जमीन, बाजारभावाने किंमत १.२ लाख कोटी रुपये. आणि वार्षिक उत्पन्न अवघे १६३ कोटी. म्हणजे शंभर रुपयांच्या मिळकतीमागे चौदा पैसेही नाहीत. मोक्याच्या जागा नाममात्र भाड्याने धनदांडग्यांच्या घशात गेल्या, हे खरेच. पण कित्येक मिळकती सरकारी खात्यांनीच बळकावल्या आहेत, हेही त्याच समितीने नोंदवले. त्याबद्दल सरकार पक्ष मौन पाळतो.

नव्या कायद्याने तर अशा वादाचा निवाडा सरकारी अधिकाऱ्याच्याच हाती दिला. कब्जेदारच न्यायाधीश! सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये या तरतुदींना अंतरिम स्थगिती दिली.

मात्र जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. १९९५ च्या कायद्याखाली वक्फ मंडळांवर जे निवडून येत, त्यांचे मतदार कोण? मुस्लिम खासदार, आमदार, वकील परिषदेचे सभासद आणि वर्षाला लाखावर उत्पन्न असलेल्या वक्फांचे मुतवल्ली. विधवा, विणकर, वसतिगृहातील विद्यार्थी यांना मत नव्हतेच. नव्या कायद्याने ही तोकडी निवडणूकही मोडून राज्य सरकारची नेमणूक आणली.

म्हणून लोकशाही चळवळीने केवळ ‘कायदा मागे घ्या’ एवढ्यावर थांबू नये. सरकारी खात्यांनी बळकावलेल्या जागा परत कराव्यात किंवा बाजारभावाने भाडे भरावे. प्रत्येक वक्फचा हिशेब दरवर्षी लाभार्थ्यांच्या सभेत, त्यांच्याच भाषेत वाचला जावा. आणि मंडळांवर त्या लाभार्थ्यांनी निवडलेले प्रतिनिधी बसावेत.