बॉयलरला दाखला लागतो, शाळेला का नको?



हंगाम सुरू होण्याआधी आपल्या कारखान्यात बॉयलरचे अग्निप्रदीपन होते. पूजा होते, नारळ फुटतो, सर्वांचे फोटो निघतात. पण त्या बॉयलरवर कोणी काम करायचे हे संचालक मंडळाच्या मर्जीवर नसते, ते कायद्याने ठरते. परीक्षा देऊन सक्षमतेचा दाखला मिळवलेला माणूसच तिथे लागतो. 1923 चा जुना बॉयलर कायदा जाऊन 2025 मध्ये नवा आला, तरी ही अट गेली नाही. "मी वीस वर्षे बगॅस ओढतोय, आता बॉयलर माझ्याच ताब्यात द्या," असे कोणी म्हणाले तर आपण देऊ का? कार्यकारी संचालक नेमायचा तरी शासनाच्या पॅनेलवरचा माणूस पाहावा लागतो. यात कोणाला अन्याय वाटत नाही. जिवाशी आणि पैशाशी खेळ नको, एवढाच त्याचा अर्थ.

आता आपल्या पोरांच्या शाळेकडे पाहू. हजार-बाराशे मुले, तीस-चाळीस शिक्षक, अनुदानाचा हिशेब, पोषण आहार, परीक्षा आणि वर पालकांच्या तक्रारी. हा सगळा डोलारा ज्याच्या हाती द्यायचा, त्याने शाळा चालवण्याचे वेगळे शिक्षण घेतले आहे की नाही, हे आपण विचारतो का? आपणच काय, कायदाही विचारत नाही.

खासगी शाळांच्या सेवाशर्तींचा कायदा 1977 चा, त्याची नियमावली 1981 ची. तिच्या तिसऱ्या नियमात माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकाची पात्रता दिली आहे. पदवी हवी, बी.एड. हवे, पदवीनंतर पाच वर्षांचा अनुभव हवा आणि त्यातली दोन वर्षे बी.एड. नंतरची हवीत. एवढे ज्यांच्याजवळ आहे आणि ज्यांची सेवा समाधानकारक आहे, त्यांच्यात जो सेवेने ज्येष्ठ तो मुख्याध्यापक. संपले. बी.एड. ही वर्गात शिकवण्याची पदवी आहे. पंचवीस वर्षे गणित उत्तम शिकवलेला माणूस एका सोमवारी सकाळी खुर्चीवर बसतो आणि मंगळवारी संचमान्यतेचे कागद त्याच्यापुढे येतात. ते त्याला कोणी शिकवलेले नसते. मग कारकून सांगेल तिथे सही.

ज्येष्ठतेचा नियम वाईट हेतूने झाला असे मात्र आम्ही म्हणत नाही. त्याआधी संस्थाचालकाचा पुतण्या, भाचा, नाहीतर पुढाऱ्याचा माणूस वर चढायचा आणि जाणता शिक्षक तोंड मिटून खाली बसायचा. ज्येष्ठतेने ती मनमानी रोखली. म्हणून ज्येष्ठता मोडा असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आमचे म्हणणे एवढेच, की ज्येष्ठतेच्या रांगेत उभे राहण्याआधी या कामाचे शिक्षण घेतलेले असावे. रांग तीच राहू द्या, फक्त रांगेत यायची पात्रता वाढवा.

हा प्रश्न एकट्या आपल्या गावचा नाही. घाटावरच्या ऊसकऱ्याला पनवेल काही परके नाही. आपली साखर बंदराकडे निघाली की पनवेलवरूनच उतरते, आणि आपली पोरे नोकरीला म्हणून कळंबोली, कामोठे, खारघर, नवीन पनवेल इथे खोल्या घेऊन राहिली आहेत. रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय पनवेलला आहे, तिच्या शाखा त्या भागात आहेत आणि साताऱ्या-सांगलीकडचे कितीतरी गुरुजी बदलीवर तिकडे जाऊन आले आहेत. त्यांना विचारा, पनवेलला शाळा चालवणे म्हणजे काय असते.

पनवेलची नगरपालिका 1852 सालची. 1970 मध्ये सिडको आली, शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, भातखाचरांवर इमारती उठल्या. 2016 मध्ये महानगरपालिका झाली आणि 25 डिसेंबर 2025 पासून तिथून विमानेही उडू लागली. अशा गावात एकाच बाकावर आगरी शेतकऱ्याची नात बसते, घाटावरून आलेल्या कामगाराचा मुलगा बसतो, बांधकामावरच्या परप्रांतीय मजुराची मुलगी बसते. शेजारच्या वीटभट्टीवर कातकरी कुटुंब हंगामापुरते येऊन राहते. त्यांचे पोर मध्येच, दाखल्याशिवाय शाळेच्या दारात उभे राहते. त्या घडीला सगळे मुख्याध्यापकावर येऊन ठेपते.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे, की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता येत नाही की नाकारता येत नाही. उलट, जो मुख्याध्यापक दाखला द्यायला उशीर करील त्याच्यावरच शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. चौथे कलम म्हणते, मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्या आणि मागे राहिलेले भरून काढायला वेगळे शिक्षण द्या. ज्याला हे ठाऊक आहे तो पोराला आत घेतो. ज्याला ठाऊक नाही तो म्हणतो, "आधी दाखला आणा." ते पोर परत भट्टीवर जाते आणि विटा उलथायला लागते. त्या पोराचे वर्ष गेले ते कोणाच्या अडाणीपणामुळे? त्याच्या आईबापाच्या की शिकलेल्या साहेबांच्या?

सभासदहो, भट्टीचे नाव काढले म्हणून हे दूरचे समजू नका. आपल्या तोडणीच्या टोळ्या येतात तेव्हा त्यांच्या गाडीतही पोरे असतात. दिवाळीच्या आसपास ती आपल्या गावात उतरतात, पाचट-बांड्यांत खेळतात आणि उन्हाळ्यात निघून जातात. पनवेलच्या भट्टीवरचे पोर आणि आपल्या फडातले पोर यांना कायदा एकच आहे. आपल्या गावच्या शाळेत त्यांना घेतले जाते की नाही, याचा जाब सभासद म्हणून आपणही विचारायला हवा. कारण त्यांच्या आईबापांनी तोडलेल्या उसावरच आपले बिल निघते.

दुसरी गोष्ट मुलामुलींच्या सुरक्षेची. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या प्रकरणाने सारा महाराष्ट्र हादरला. बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या 2012 च्या कायद्यात अशा गुन्ह्याची खबर पोलिसांना देणे बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने कळवला नाही तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शाळेची अब्रू जाईल म्हणून गप्प बसणे हा गुन्हा आहे. हे खुर्चीवर बसण्याआधी शिकवायचे की प्रसंग घडल्यावर वर्तमानपत्रात वाचायचे?

आधी माणूस तयार करा, मग शाळा उघडा, हा विचार आपल्या मातीला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. 1935 मध्ये त्यांनी साताऱ्यात प्राथमिक शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज सुरू केले आणि महाराजा सयाजीराव हायस्कूल काढले ते 1940 मध्ये. म्हणजे हायस्कूलच्या पाच वर्षे आधी शिक्षक घडवण्याचे घर उभे राहिले. आपणही कारखानदारीत तेच केले. साखरेची विद्या बाहेरून किती दिवस आणायची म्हणून 1975 मध्ये ऊसउत्पादकांनी आपली संस्था काढली, तीच आज मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. उसाची लागण करायची तर आपण बेणेमळ्यातले बेणे शोधतो. मुख्याध्यापकांचा बेणेमळा मात्र कुठेच नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

अगदीच काही नाही असेही नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका मराठीतून करता येते आणि अनेक शिक्षकांनी नोकरी सांभाळून ती केली आहे. दिल्लीच्या शैक्षणिक नियोजन संस्थेत 2012 पासून शालेय नेतृत्वाचे राष्ट्रीय केंद्र आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मुख्याध्यापकांना दरवर्षी 50 तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे आणि ज्या शिक्षकांत पुढारपणाचे गुण आहेत त्यांना हळूहळू त्या कामासाठी तयार करा असेही म्हटले आहे. पण हे सारे ऐच्छिक, नाहीतर खुर्ची मिळाल्यानंतरचे. सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात पहिली ते आठवीच्या शिक्षकांना बढतीसाठीही टीईटी लागेल असे सांगितले. त्यावरून शिक्षकांत मोठी खळबळ उडाली. पण टीईटी ही शिकवण्याची परीक्षा आहे. शाळा चालवता येते की नाही, हे तिच्यातून कळत नाही.

इतरत्र काय चालते? केरळात मुख्याध्यापक व्हायला शिक्षण नियमांची आणि हिशेबाची खात्याची परीक्षा ठेवलेली आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत प्राचार्याचा परवाना शिक्षकाच्या परवान्याहून वेगळा असतो. त्यासाठी बहुधा पदव्युत्तर शिक्षण, अनुभव आणि परीक्षा लागते. तिथे इतर शिक्षकांना हाताशी धरून शिकवणाऱ्या अनुभवी शिक्षकांसाठीही काही राज्यांत वेगळे प्रमाणपत्र असते. सिंगापूर निवडक उपप्राचार्यांना काही महिने पूर्ण वेळ शिकायला पाठवते. इंग्लंडने 1997 मध्ये मुख्याध्यापकांची राष्ट्रीय पात्रता सुरू केली, पुढे ती सक्तीची केली आणि 2012 मध्ये सक्ती काढून घेतली. म्हणजे नुसता कागद सक्तीचा केला की शाळा सुधारते, असे तिकडेही सिद्ध झालेले नाही.

इथेच आपल्या सभासदांची खरी शंका येते. "अजून एक परीक्षा काढाल, म्हणजे अजून एक दुकान उघडेल." शंका रास्त आहे. डी.एड. कॉलेजांचे पीक कसे आले आणि पोरांच्या हाती काय राहिले, हे आपण पाहिले. 2019-20 च्या शिक्षक पात्रता परीक्षेतला घोटाळा उघड झाला आणि साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली, हेही पाहिले. म्हणून नुसत्या लेखी पेपरावर परवाना देऊ नये असेच आमचे मत आहे. वर्षभराचा अभ्यासक्रम असावा आणि त्यातला निम्मा काळ जाणत्या मुख्याध्यापकाच्या हाताखाली प्रत्यक्ष शाळेत जावा. दुसऱ्या शिक्षकाच्या तासाला बसून त्याला न दुखावता चूक कशी सांगायची, हे पुस्तकातून येत नाही. चिडलेल्या पालकाला शांत कसे करायचे, हेही नाही. कामच पाहून दाखला द्यावा.

दुसरी शंका, "म्हातारपणी गुरुजींना पुन्हा परीक्षेला बसवणार का?" नाही. जे आज खुर्चीवर आहेत त्यांना हात लावू नये. पुढे येणाऱ्यांना पाच वर्षांची मुदत द्यावी. शिकणाऱ्याची रजा भरपगारी असावी आणि फी संस्थेने भरावी. नाहीतर घरचा व्याप सांभाळून नोकरी करणाऱ्या आपल्या शिक्षिका भगिनीच सर्वात आधी मागे पडतील.

नियम बदलणे शासनाच्या हाती आहे. पण तोवर आपण हात बांधून का बसावे? आपल्या परिसरातील शिक्षण संस्थांच्या सभेत आपलेच सभासद बसतात. खासगी शाळेतील शिक्षक 58 व्या वर्षी निवृत्त होतो. म्हणजे कोणत्या शाळेची खुर्ची कोणत्या महिन्यात रिकामी होणार हे सेवापुस्तकात आधीच लिहिलेले असते, आणि ज्येष्ठतेच्या यादीवरून पुढचा माणूस कोण हेही ठरलेले असते. मग दोन वर्षे आधी त्याला ती पदविका करायला का लावू नये? निदान सहा महिने जुन्या मुख्याध्यापकाच्या शेजारी बसवून दफ्तर का समजावून देऊ नये? आणि यादीत वर आलेल्या शिक्षकाची सेवा सात-आठ महिनेच उरली असेल, तर त्याच्या पाठोपाठच्यालाही त्याच वर्षी शिकायला घालावे.

आमची सभासदांना तीन कामांची विनंती आहे. येत्या वार्षिक सभेत, शिक्षण निधीतून दरवर्षी दोन शिक्षकांच्या शालेय व्यवस्थापन पदविकेची फी भरावी असा ठराव मांडा. पुढल्या पाच वर्षांत कोणत्या शाळेचे मुख्याध्यापक निवृत्त होणार याची यादी संस्थेकडून मागवा. आणि हंगाम सुरू झाला की टोळ्यांच्या तळावर जाऊन किती मुले शाळेत घेतली याची चौकशी करा. पनवेलला राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांनाही कळवा, की शाळेत नाव घालताना इमारत आणि फी पाहा, पण त्याबरोबर मुख्याध्यापक कोण आहे आणि तो काय शिकला आहे हेही विचारा.

काट्यावर पाच किलोचा फरक पडला तर आपण गाडी अडवतो. पोरांच्या दहा वर्षांचा हिशेब ज्याच्या हाती द्यायचा, त्याच्याबद्दल एक प्रश्न विचारायला आपल्याला लाज वाटू नये.