आडवे बोअर मारावे का?

गेल्या उन्हाळ्यात रायपूरला मावशीकडे गेले होते. परसातली जुनी विहीर तळाला गेली होती. गोंदियाकडून आलेला बोअरवाला सांगत होता, विहिरीत यंत्र उतरवून चारी बाजूंना आडवे बोअर मारा, पाणी लागेल. मावशीने मला विचारले, “तू विज्ञानावर लिहितेस ना? मग सांग, पैसे घालू की नको?”

बोअरवाल्याचे म्हणणे खोटे नव्हते. रायपूरखाली चुनखडीचा खडक आहे. त्यातले पाणी फटींत आणि आडव्या थरांच्या सांध्यांत साठते. पुरणपोळीत सुई उभी टोचली तर पुरणाला जेमतेम स्पर्श होतो; कडेने आडवी सारली तर ती पुरणातूनच जाते. आडव्या बोअरचे तत्त्व हेच.

अमेरिकेत याच तत्त्वावर शेल नावाच्या घट्ट, पापुद्र्यांच्या खडकातून तेल काढतात. नॉर्थ डकोटात सुमारे तीन किलोमीटर खाली जाऊन विहीर हळूहळू वळवतात आणि थरातून आणखी तीन किलोमीटर आडवी नेतात. मग प्रचंड दाबाने पाणी आणि वाळू सोडून खडकाला भेगा पाडतात. वाळूमुळे त्या भेगा मिटत नाहीत. २००८ मध्ये अमेरिकेचे तेल उत्पादन दिवसाला सुमारे ५० लाख पिंपे होते; २०२३ मध्ये ते १ कोटी २९ लाखांवर गेले. रायपूरच्या चुनखडीखालीही शेल आहे, पण त्यातून तेल मिळालेले नाही.

मात्र या विहिरींचे उत्पादन पहिल्याच वर्षात निम्म्याहून खाली येते आणि पुन्हा नवी विहीर खणावी लागते. कारण आडवे भोक साठ्यापर्यंत पोचवते, साठा वाढवत नाही.

आपल्या विहिरीचेही तसेच. आडव्या बोअरने येणारे पाणी त्याच थरातले असते. त्याच थरावर शेजारणीची विहीरही असते. आपली भरली आणि तिची आटली, तर काय कमावले?

रायपूरला वर्षाला सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे हजार चौरस फुटांच्या गच्चीवर लाखभर लिटर पाणी! पहिल्या सरींचे पाणी सोडून द्यावे आणि पुढचे गाळून विहिरीत सोडावे. जमिनीत आधी भरावे, मग उपसावे.

मावशीला मी एवढेच सांगितले. तिने बोअरवाल्याला चहा दिला, दिवाळीनंतर यायला सांगितले आणि गच्चीचे पन्हाळ विहिरीकडे वळवायला प्लंबरला बोलावले.