जिन्यातला दिवा आपोआप कसा लागतो?

आमच्या अम्मी पहाटे वजूसाठी खाली उतरतात. अंधारात बटण सापडत नसे, म्हणून जिन्यात आम्ही मोशन सेन्सरचा दिवा लावला. मुलांनी विचारले, "तो आपल्याला पाहतो का?" नाही. त्यात कॅमेरा नसतो. आपल्या अंगातून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण, म्हणजेच उष्णतेचे किरण, सतत बाहेर पडतात. सेन्सरचे दोन भाग असतात. आपण समोरून गेलो की हे किरण एका भागावर आधी आणि दुसऱ्यावर नंतर पडतात. त्या फरकाने दिवा लागतो. दुकानातल्या चोरीच्या अलार्ममध्येही बहुधा हेच तंत्र असते.

पण त्याच्या मर्यादाही ओळखाव्यात. स्तब्ध बसलेला माणूस त्याला कळत नाही. ठरावीक वेळाने दिवा विझतो. उन्हाळ्यात भोवतालची हवा अंगाइतकी, ३५-३७ अंशांपर्यंत तापली की फरकच उरत नाही आणि सेन्सर मंदावतो. मे महिन्यात एका संध्याकाळी तापलेल्या जिन्यात आमचा दिवा लागलाच नाही. अम्मींनी कठडा धरला होता म्हणून पडल्या नाहीत.

घरात वडीलधारी माणसे असतील तर सेन्सर जरूर लावा. मात्र साधे बटण आणि कठडाही असू द्या.