आत डोकावू नये

पुण्यातल्या एका पाटीने मोठाच पराक्रम केला आहे. ‘आत डोकावू नये’ ही ती पाटी. बंदिस्त सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी ती जगभर प्रत्येक प्रोग्रॅमच्या दारावर ठोकली आहे. पैसे मोजा, वापरा. पण आतला मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तो बघायचा नाही! आणि याचा अभिमान कोणाला? गिऱ्हाइकाला! आमचे मेहुणे म्हणतात, “फुकटातलं कसलं हो चांगलं असणार?” हे ते ज्या अँड्रॉइड फोनवरून म्हणतात, त्याचा गाभा म्हणजे लिनक्स, हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्सने, १९९१ साली जगापुढे उघडा ठेवलेला.

मुळात भांडण फुकटाचं नाहीच. १९८० च्या सुमारास अमेरिकेत, एमआयटीत, रिचर्ड स्टॉलमन नावाच्या गृहस्थाला एका लेसर प्रिंटरने छळलं. कागद अडकला की यंत्र मुकाट. आधीच्या प्रिंटरला त्याने ‘कागद अडकलाय, या’ अशी वर्दी द्यायला शिकवलं होतं. नव्याला शिकवायचं तर सोर्स कोड हवा. तो ज्याच्यापाशी होता त्याने ‘कोणाला देणार नाही, असं कबूल केलंय’ म्हणून वाटेला लावलं. स्टॉलमनने १९८३ साली खुल्या सॉफ्टवेअरचा ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला, त्यात या चिडीचाही वाटा आहे.

यावर मेहुण्यांचा हुकमाचा एक्का : “सगळ्यांचं ते कोणाचंच नाही!” खरं आहे. ओपनएसएसएल या खुल्या प्रोग्रॅममधलं ‘हार्टब्लीड’ नावाचं भोक २०१२ पासून २०१४ पर्यंत उघड्यावर होतं. दुसरा कोणीतरी बघत असेल, या भरवशावर सगळे निवांत! पण सापडल्यावर ठिगळ नीट बसलं की नाही, हे कोणालाही तपासता आलं. बंद दाराआड ‘दुरुस्त केलंय’ म्हणतील ते ऐकायचं.

माझा राग मात्र घरचा आहे. वडिलांनी म्हातारपणी दोन वर्षं खपून आपल्या आठवणी एका बंदिस्त मराठी प्रोग्रॅममध्ये टाइप केल्या. पुढे तो विकणाऱ्यांनी गाशा गुंडाळला. आता फाइल उघडली की नुसती चौकोन आणि टिंबं. माणसं आमची, आठवणी आमच्या, आणि किल्ली परागंदा! धंदा बुडतो, त्याला इलाज नाही. पण जाताना आमचे वडील कशाला घेऊन गेलात?

गावाला जाताना किल्ली शेजारी ठेवून जावी, एवढंच तर खुलं सॉफ्टवेअर सांगतं.