प्लायवूड दुकानातच कापले जावे

आठ बाय चार फुटांची अख्खी प्लायवूड शीट आपल्या घरातल्या फर्निचरला क्वचितच लागते. कपाटाच्या बाजू, पुस्तकांच्या मांडणीचे कप्पे, मुलांच्या अभ्यासाचे टेबल, किचन ट्रॉलीचे खण, सगळे शेवटी तुकड्यांतूनच उभे राहते. तरीही पुण्यातल्या भवानी पेठेचे टिंबर मार्केट असो की नागपूरचे लकडगंज, बहुतेक व्यवहार ठरलेल्या क्रमानेच होतात. दुकानदार अख्खी शीट विकतो, टेम्पोवाला अख्खी आणतो, हमाल ती जिन्याने अख्खीच वर चढवतो आणि हॉलमध्ये किंवा सोसायटीच्या गच्चीवर पोचल्यावर तिला पहिले पाते लागते. हा क्रम बदलायला हवा. मापे आधी ठरावीत, शीट दुकानातच यंत्रावर कापली जावी आणि घरी तुकडे यावेत. कापून देणे ही गिऱ्हाइकावरची मेहेरबानी न राहता प्लायवूड विक्रीचा नेहमीचा भाग व्हावा.

आधी वाहतुकीचे पाहू. १८ मिलिमीटर जाडीची एक शीट, लाकडाच्या जातीनुसार, साधारण ३० ते ४० किलो भरते. पण वजनापेक्षा तिचा आकार जास्त नडतो. शहरात अशा मालासाठी हमखास बोलावला जाणारा छोटा हत्ती घेतला, तर त्याचा हौदा सात-सव्वासात फूट लांब असतो. आठ फुटांची शीट त्यात आडवी टाकली की मागचा फाळका उघडाच ठेवावा लागतो. काही जण तर दुचाकीवर मागे बसून दोन्ही हातांनी शीट उभी धरतात. वाऱ्याचा एक झोत आला, तर तोल त्या दोघांचा जातो आणि शेजारून जाणाऱ्याचा जीवही धोक्यात येतो. गाडीच्या मर्यादेबाहेर माल आल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात २० हजार रुपये दंड आहे. इमारतीशी पोचल्यावर नवी अडचण उभी राहते. लिफ्टचे दार साधारण दोन मीटर उंच, शीट २.४४ मीटर. म्हणून ती पाठीवर घेऊन जिना चढायचा आणि प्रत्येक वळणावर तिरकी करायची. तेवढ्यात कोपरा भिंतीला लागला की थर सुटतात, आणि पुढे त्याच फुटलेल्या कडेतून ओल आत शिरते. दीड-दोन फूट रुंदीच्या तुकड्यांना यातले फारसे काहीच लागू होत नाही.

कापण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. घरी शीट सहसा जमिनीवर ठोकळ्यांवर ठेवून हातातल्या कटरने कापली जाते, नाहीतर तोच कटर फळीखाली उलटा बसवून कामचलाऊ टेबल बनवले जाते. त्यात पात्यावरचे संरक्षक झाकण बहुधा काढलेलेच असते. आठ फुटांचा सरळ काप हाताने घेताना शीट मध्ये वाकते, काप मिटतो, पाते अडकते आणि कटर मागे उसळतो. बोटे जातात ती अशाच क्षणी. दुकानातल्या पॅनेल सॉवर शीटला पूर्ण आधार मिळतो. चांगल्या यंत्रात मुख्य पात्याच्या पुढे एक छोटे पाते खालचा थर आधीच चिरून ठेवते, त्यामुळे कडेच्या चिपा उडत नाहीत आणि कोपरा गुण्यात येतो. धुळीचाही विचार व्हायलाच हवा. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवले आहे. प्लायवूडच्या भुशात त्या धुळीबरोबर फॉर्मल्डिहाइडचा गोंदही असतो. यंत्राला धूळ ओढणारा पाइप जोडता येतो, राहत्या घराच्या हॉलला नाही.

यावर पहिला आक्षेप सुतारांचा असतो, आणि तो अनुभवातून आलेला आहे. आपल्या भिंती सरळ नसतात, कोपरे गुण्यात नसतात, मग दुकानात कापलेले जागेवर बसणार कसे? पण भिंतीशी जुळवून घ्यावा लागतो तो कपाटाचा बाहेरचा काठ. आतला सांगाडा काटकोनातच हवा, आणि तो यंत्रावर अधिक नेमका कापला जातो. भिंतीलगतच्या पट्ट्या तेवढ्या थोड्या मोठ्या आणून जागेवर तासाव्यात. यामुळे सुताराचे काम हिरावले जाईल, ही भीतीही रास्त नाही. सुताराचे कसब जोडणीत, बिजागरी बसवण्यात आणि लॅमिनेटच्या सफाईत दिसते, शीट उचलून चिरण्यात नव्हे. काम चौरस फुटावर घेतलेले असेल, तर वाचलेला वेळ त्याच्याच पदरात पडतो.

दुसरा आक्षेप असा की माप चुकले तर महागडी शीट वाया जाते. धोका खरा आहे, पण कापायची जागा बदलल्याने तो वाढत नाही. उलट यादी आधी करावी लागल्याने चूक कागदावरच सापडते. उदाहरणार्थ, चार फूट रुंदीतून एक-एक फुटाच्या चार पट्ट्या सहज निघतील असे वाटते. प्रत्यक्षात पाते दर कापाला सुमारे तीन मिलिमीटर लाकूड खाते. तीन कापांत नऊ मिलिमीटर गेले की १,२२० मधून १,२११ उरतात आणि पट्टी ३०५ ऐवजी जेमतेम ३०२ मिलिमीटरची मिळते. हा हिशेब दुकानात कागदावर मांडला तर कप्प्याची खोली आधीच बदलता येते. घरी तो चौथी पट्टी आखूड निघाल्यावर कळतो.

तिसरा आक्षेप दुकानदारांचा आहे. यंत्र महाग, गाळा लहान. प्रत्येक दुकानात आडवे मोठे यंत्र मावणार नाही हे मान्यच. पण भिंतीलगत बसणारे उभे पॅनेल सॉ मिळतात, आणि जिथे तेही परवडत नाही तिथे बाजारातल्या व्यापाऱ्यांनी मिळून एक यंत्र आणि एक प्रशिक्षित कारागीर ठेवावा. कापाचा दर फळ्यावर लिहावा, मापाच्या यादीवर गिऱ्हाइकाची सही घ्यावी, उरलेले तुकडेही त्याच्या हवाली करावेत. मग वादाला जागा उरत नाही. काचेच्या दुकानात हीच पद्धत वर्षानुवर्षे चालत आली आहे. खिडकीच्या मापाची काच दुकानदारच कापून देतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

सुरुवात मात्र गिऱ्हाइकालाच करावी लागेल. प्लायवूड घेताना आपण भाव विचारतो, ग्रेड विचारतो, आयएसआयची खूण पाहतो. त्याच दमात ‘मापावर कापून मिळेल का?’ हेही विचारावे, आणि जिथे कापून मिळते तिथूनच माल घ्यावा. मागणी दिसल्याशिवाय दुकानदार यंत्रात पैसा घालणार नाही. आणि यंत्र येत नाही तोवर हमालाची पाठ आणि सुताराची बोटे विनाकारण पणाला लागत राहतील.