भोंगा: शेजाऱ्याचा आणि आपलाही

जळगाव जिल्ह्यातील धरणगाव तालुक्यात पाळधी नावाचे गाव आहे. ३१ डिसेंबर २०२४ च्या रात्री तेथे एका वाहनाचा हॉर्न वाजविण्यावरून वाद झाला. वादाचे पर्यवसान दगडफेकीत आणि जाळपोळीत झाले. दुकाने व वाहने जळाली आणि नव्या वर्षाची पहाट गावाने संचारबंदीत पाहिली. त्याच गावात मार्च २०२३ मध्ये मशिदीसमोरून जाणाऱ्या दिंडीतील वाद्यांवरून दोन गटांत संघर्ष झाला होता. आवाज विरून जातो, त्याने पेटविलेले मात्र वर्षानुवर्षे धुमसत राहते, असा ह्या दोन घटनांचा अर्थ आहे.

त्याच जिल्ह्यातील, रावेर तालुक्यातील सावदा हे केळीमुळे देशाला ठाऊक झालेले गाव. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता येथून जातो, मालाने भरलेल्या वाहनांची ये-जा चालू असते. मंदिरे, मशिदी, शाळा, दवाखाने आणि बाजार ही सारी थोड्या अंतरात सामावलेली. लग्नसराईत डीजेचा दणदणाट, सणासुदीला मिरवणुका, निवडणुकीत प्रचाराच्या रिक्षा आणि रस्त्यावर हॉर्न. खानदेशातील कोणत्याही लहान नगराचे चित्र ह्याहून वेगळे नाही. ह्या आवाजात ज्यांना झोपावे लागते ते कोण, हे मात्र क्वचितच विचारले जाते. पहाटे केळीच्या बागेत कापणीला जाणारा मजूर, दहावी-बारावीचा विद्यार्थी, हृदयविकाराचा वृद्ध रुग्ण आणि पाळण्यातले बाळ ह्यांचा मोर्चा कधी निघत नाही.

राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका अनेक वर्षांच्या प्रशासकीय कारभारानंतर डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. लोकनियुक्त नगराध्यक्ष व नगरसेवक पुन्हा सभागृहात आले. रस्ते, पाणी आणि गटारे ह्यांच्या यादीत आवाजाचा प्रश्न बसतो काय, आणि बसत असेल तर नगरपालिकेने नेमके काय करावे, ह्याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

प्रथम कायदा काय सांगतो ते पाहू. पर्यावरण संरक्षण अधिनियम १९८६ खाली केंद्र सरकारने २००० साली ध्वनिप्रदूषण नियम केले. त्यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, बाजारपेठेत दिवसा ६५ व रात्री ५५, औद्योगिक भागात ७५ व ७०, तर शांतता क्षेत्रात ५० व ४० ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. लेखी परवानगीवाचून ध्वनिक्षेपक लावता येत नाही आणि रात्री तो उघड्यावर वाजविता येत नाही. निवासी भागात रात्री हॉर्न वाजविण्यासही, तातडीचा प्रसंग सोडल्यास, ह्याच नियमांनी मनाई आहे. राज्य शासनाला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस सणांसाठी रात्री बारापर्यंत सवलत देता येते.

डेसिबलची मोजपट्टी फसवी आहे, हेही लक्षात घ्यावे. पंचावन्नावरून पासष्ट म्हणजे थोडीशी वाढ नव्हे. प्रत्येक दहा डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. पंच्याहत्तर डेसिबलचा आवाज हा पंचावन्नच्या शंभरपट ऊर्जेचा असतो. झोपमोड, रक्तदाब आणि हृदयविकार ह्यांच्याशी आवाजाचा संबंध असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे.

आता अंमलबजावणीचा प्रश्न. ह्या नियमांत ‘प्राधिकारी’ म्हणून जिल्हादंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा पोलीस उपअधीक्षक दर्जापेक्षा खाली नसलेला अधिकारी येतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३८ नेही त्रासदायक वाद्ये व आवाज थांबविण्याचा अधिकार पोलिसांना दिला आहे. म्हणजे ध्वनिक्षेपक बंद करण्याचा अधिकार नगराध्यक्षांकडे नाही. ह्याचाच आधार घेऊन नगरपालिका पोलिसांकडे बोट दाखविते, पोलीस प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाहतात आणि मंडळाचे कार्यालय जळगावला असते. तक्रारदार मात्र रात्री साडेअकरा वाजता सावद्यात असतो.

परंतु त्याच नियमांत आणखी एक वाक्य आहे, जे सहसा वाचले जात नाही. विकासकामे व नगररचना करताना स्थानिक संस्थांनी ध्वनिप्रदूषणाचा सर्वांगीण विचार करावा, असे बंधन त्यांत घातले आहे. मैदान व सभागृह भाड्याने कोण देते? रस्त्यावरील मंडपाला परवानगी कोण देते? मंगल कार्यालय वस्तीत बांधावयाचे की वस्तीबाहेर, हे बांधकाम परवानगी देताना कोण पाहते? हे सारे नगरपालिकेच्या हाती आहे. शांतता क्षेत्राचेही तसेच. २०१७ च्या दुरुस्तीनंतर शासनाने अधिसूचित केल्याखेरीज शाळेचा किंवा रुग्णालयाचा परिसर आपोआप शांतता क्षेत्र ठरत नाही. तेव्हा गावातील कोणत्या शाळेला व कोणत्या दवाखान्याला हे संरक्षण हवे, ह्याचा ठराव करून पाठपुरावा करणारे कोणी तरी हवे. ते काम नगरपालिकेखेरीज दुसरे कोण करणार?

कायदा आहे, अधिकारी आहेत, न्यायालयाचे आदेशही आहेत. तरीही आवाज का कमी होत नाही? आमच्या मते ह्याचे मूळ आमच्या कानांत आहे. प्रत्येकाला शेजाऱ्याचा भोंगा ऐकू येतो, स्वतःचा ऐकू येत नाही. २०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांत मशिदींवरील भोंग्यांचा विषय महाराष्ट्राच्या राजकारणात पेटला, तेव्हा हेच दिसले. आवाजाच्या नियमाचे रूपांतर एका समाजाला धडा शिकविण्याच्या हत्यारात होते, तेव्हा त्या समाजाला तो नियम अन्याय वाटतो, आणि इतरांना तो आपल्यासाठी नाहीच असे वाटू लागते. दोन्हींकडून पराभव होतो तो नियमाचाच.

ह्या बाबतीत ख्रिस्ती वाचकांनी एक गोष्ट विसरू नये. धार्मिक स्थळांच्या आवाजाविषयी सर्वोच्च न्यायालयाचा जो निकाल आजही सर्वत्र आधार म्हणून दिला जातो, तो मशिदीविरुद्धचा नाही आणि मंदिराविरुद्धचाही नाही. तो चेन्नईतील एका पेंटेकोस्टल ख्रिस्ती मंडळीविरुद्धचा आहे. चर्च ऑफ गॉड (फुल गॉस्पेल) ह्या मंडळीच्या प्रार्थनागृहातील ध्वनिक्षेपक, ढोल व गिटार ह्यांच्या आवाजाविरुद्ध शेजारच्या वसाहतीने न्यायालयात धाव घेतली होती. आम्ही अल्पसंख्य आहोत, आमच्या उपासनेत अडथळा आणण्यासाठीच ही तक्रार आहे, असा बचाव मंडळीने केला. ३० ऑगस्ट २००० रोजी न्यायालयाने तो फेटाळला. दुसऱ्याची शांती भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. वृद्ध, आजारी आणि लहान मुले ह्यांचा विचार त्यात प्रामुख्याने केलेला आहे.

१८ जुलै २००५ च्या दुसऱ्या निकालाची पार्श्वभूमी तर काळीज पिळवटणारी आहे. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार होत असताना तिच्या मदतीच्या हाका शेजारच्या ध्वनिक्षेपकाच्या गोंगाटात बुडाल्या. त्याच संध्याकाळी तिने स्वतःला जाळून घेतले. ती बातमी वाचून एका अभियंत्याने याचिका दाखल केली. आवाज हा केवळ कानाचा प्रश्न नव्हे, आवाजाखाली माणसाची हाक दडपली जाते, हे ह्याहून स्पष्टपणे कोण सांगणार?

मुंबई उच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०१६ मध्ये डॉ. महेश बेडेकर ह्यांच्या याचिकेवर, आणि पुन्हा २३ जानेवारी २०२५ रोजी कुर्ल्याच्या नेहरूनगर भागातील रहिवाशांच्या याचिकेवर, ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही हे स्पष्ट केले. दुसऱ्या निकालात आमच्या दृष्टीने फार मोलाचा भाग आहे: तक्रारदाराची ओळख पोलिसांनी उघड करू नये. लहान गावात हाच खरा अडसर असतो. ज्याच्या दारात डीजे वाजतो तो भाऊबंद असतो, गिऱ्हाईक असतो किंवा नगरसेवक असतो. नाव फुटले की वैर आले. जनविश्वास कायद्याने १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण कायद्यातील तुरुंगवासाच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आला आहे. परंतु तक्रारच झाली नाही तर दंड कोणाला?

मग गावाने करावे काय? महाराष्ट्राच्याच एका गावाने उत्तर दिले आहे. नांदेड जिल्ह्यातील मुदखेड तालुक्यात बारड हे गाव आहे. हा भागही सावद्यासारखाच केळी पिकविणारा. तेथे मंदिरे आहेत, मशीद आहे, बुद्धविहार आहे, जैन मंदिरही आहे. २०१८ साली ग्रामपंचायतीने ठराव केला आणि सर्व धार्मिक स्थळांवरील भोंगे उतरविले. सर्व हा शब्द महत्त्वाचा. कोणाला हरल्यासारखे वाटले नाही, कारण कोणी जिंकलेही नव्हते. २०२२ साली राज्यात भोंग्यांवरून वातावरण तापले, तेव्हा बारडमध्ये वाद घालावयास भोंगाच उरला नव्हता.

खानदेशाच्या स्मृतीतही असा धडा आहे. १८९५ साली जुन्या धुळ्यात गणेश विसर्जनाची मिरवणूक मशिदीसमोर आली असता संघर्ष झाला, इंग्रजांच्या पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे मेली. तेव्हापासून तो गणपती आणि ती मशीद ह्या दोहोंच्या नावामागे ‘खुनी’ हा शब्द लागला. पण त्याच रस्त्यावर आज गणपतीची पालखी मशिदीसमोर थांबते आणि मुस्लिम बांधव फुलांनी तिचे स्वागत करतात. गोळीबाराने जे साधले नाही ते थांबण्याच्या एका रीतीने साधले.

आता आपल्या अंगणाकडे वळू. खानदेशात आपण संख्येने मूठभर आहोत, आपला आवाज तो कितीसा, असे म्हणून सुटका करून घेणे सोपे आहे. परंतु धर्मग्रामाचा सण, मैदानावरील प्रार्थनासभा, नाताळची मिरवणूक आणि लग्नाचा बँड ह्या वेळी आपले ध्वनिक्षेपक कोणत्या दिशेला तोंड करून असतात? सणांच्या सवलतीच्या दिवसांत सामान्यतः नाताळ आणि ३१ डिसेंबर हेही असतात. म्हणजे ह्या सवलतीचे लाभार्थी आपणही आहोत. मुंबईतील अनेक धर्मग्रामांनी उघड्या मैदानावरील नाताळची मिस्सा रात्री दहापूर्वी संपविण्याची प्रथा स्वीकारली. मध्यरात्रीची जुनी परंपरा सोडताना वयस्क भाविकांना वाईट वाटले असेल. परंतु त्यामुळे ख्रिस्तजन्माचा आनंद उणावला नाही. एलिया संदेष्ट्याला परमेश्वर वादळात किंवा भूकंपात भेटला नाही, मंद वाणीत भेटला, हे आपण ऐकत आलो आहोत. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात नगरांच्या दुरवस्थेचा विचार करताना गोंगाटाचाही उल्लेख केला आहे.

नगरपालिकांनीही स्वतःपासून आरंभ करावा. अनेक गावांत सकाळची घंटागाडी ध्वनिक्षेपकावर गाणी वाजवीत फिरते. ज्या संस्थेची गाडीच मर्यादा ओलांडते तिने नागरिकांना काय सांगावे? तिचा आवाज कमी करणे हा बिनखर्चाचा ठराव आहे. त्यापाठोपाठ मैदान, सभागृह व मंडप ह्यांच्या परवानगीत वेळेची व आवाजाची अट घालावी आणि ती मोडणाऱ्यास पुढच्या वेळी परवानगी नाकारावी. शाळा व दवाखाने ह्यांची यादी करून शांतता क्षेत्राचा प्रस्ताव पाठवावा. सणांपूर्वी शांतता समितीची जी बैठक पोलीस घेतात तिच्यात मिरवणुकीच्या मार्गाइतकाच आवाजाचा विषय ठेवावा, आणि मोजणी होईल ती प्रत्येक मिरवणुकीची व्हावी, एखाद्याच मिरवणुकीची नव्हे. आकडा सर्वांसमोर मोजला गेला की वाद धर्माचा उरत नाही, मापाचा होतो. बाजारात केळीचा घड तोलताना शेतकऱ्याची जात कोणी विचारीत नाही. काटा सर्वांना एकच असतो.

हे सारे सोपे आहे असे आम्ही म्हणत नाही. मिरवणूक थांबविणाऱ्या नगरसेवकाची मते जातात आणि डीजेवाल्याचेही पोट त्या व्यवसायावर असते. म्हणूनच पहिले पाऊल ज्यांना मते मागावयाची नाहीत त्यांनी, अर्थात धार्मिक संस्थांनी टाकावे, असे आम्हांस वाटते. प्रत्येक धर्मग्रामाच्या पॅरिश कौन्सिलने पुढील सणापूर्वी दोन गोष्टी कराव्यात: परवानगीचा अर्ज वेळेवर द्यावा, आणि ध्वनिक्षेपक लावल्यावर आपल्यापैकी एकाने शेजारच्या घरी जाऊन तेथे काय ऐकू येते ते ऐकून यावे. शेजारी ख्रिस्ती नसेल तर अधिकच उत्तम. त्या घरातील आजीने ‘आवाज जरा कमी करा’ असे म्हटले, तर तिने तक्रार केली असे समजू नये. तो आवाज तेथेच कमी करावा.